हरणाच्या मांसाचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. दाराचं नाही, पिस्तुलाचं. लाल रंगाची जाड तार, टोकाला पितळी डोकं, सोबत दोन किल्ल्या. तार पिस्तुलातून ओवायची, दुसरं टोक डोक्यात दाबायचं, की गोळी भरताच येत नाही. एवढंच माझं काम, आणि तेच मला कुणी करू दिलं नाही.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या एका लहान गावात, शेरीफच्या म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या कचेरीत आम्ही टोपलीभर पडून असायचो. लोकांना फुकट वाटायला. वेंडेल क्रॉसनं मला उचललं आणि घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या खणात, संपलेले सेल आणि रबरबँडांच्या गर्दीत टाकलं. पिस्तूल मात्र झोपायच्या खोलीतल्या कपाटात, स्वेटरांच्या घडीखाली. भरलेलं.

वेंडेल वाईट माणूस नव्हता. चर्चमध्ये खुर्च्या मांडायचा, शेजारच्या म्हातारीच्या अंगणातला बर्फ उपसून द्यायचा. पण चोराचं भूत त्याच्या मानगुटीवर बसलं होतं.

एकदा त्याची बायको लोर्ना मला हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"वेंडेल, आपला गॅरेट हल्ली धड जेवतसुद्धा नाही रे. सारखा दार लावून बसतो. ते पिस्तूल कुलपात ठेव ना."

"अगं, सोळा वर्षांचं पोरगं आहे, तोंड पाडून बसणारच! आणि चोर आला तर त्याला काय सांगू? थांबा हं साहेब, जरा किल्ली शोधतो?"

स्वतःच्याच विनोदावर तो पोट धरून हसला. लोर्नानं मला पुन्हा खणात टाकलं. मला तिचाही राग येतो.

हिवाळ्यात एकदाचा माझा नंबर लागला. गॅरेजमधला फ्रीझर शिकारीच्या हरणाच्या मांसानं ठासून भरला होता आणि वेंडेलचा भाऊ ड्वेन न विचारता त्यातलं सॉसेज लांबवायचा. वेंडेलनं माझी तार फ्रीझरच्या कडीत ओवली, मला बंद केलं आणि म्हणाला, "आता ये म्हणावं त्या हावरटाला!"

त्याच आठवड्यात शाळेत पालकांची सभा झाली. कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरला तर? वर्गांच्या दारांना भक्कम कुलपं हवीत, पोरांच्या जिवाशी खेळ आम्ही चालवून घेणार नाही, असं वेंडेल तावातावानं बोलून आला. शाळेनं कुलपं बसवलीही. लोकांनी त्याची पाठ थोपटली.

मार्चमधल्या एका सकाळी गॅरेटनं स्वेटरांखाली हात घातला. शाळेची दारं त्याला कशी अडवणार? तो तिथलाच विद्यार्थी. दप्तर घेऊन रोजच्यासारखा आत गेला. पेटरसनांची मुलगी आयव्ही ग्रंथालयाच्या दारात त्याच्या गोळीनं मेली. तिनं त्याचं काहीही वाकडं केलं नव्हतं.

गॅरेट तुरुंगात गेला. मग पिस्तूल कुलपाविना ठेवलं म्हणून वेंडेलवरही खटला उभा राहिला.

"माझ्या अशिलाच्या घरात कुलूप होतं!" त्याचा वकील छाती पुढे काढून म्हणाला.

"होतं ना," सरकारी वकीलबाई म्हणाल्या. "हरणाच्या मांसाला."

मग त्यांनी मला आणि ते रिकामं केलेलं पिस्तूल वेंडेलसमोर ठेवलं. "लावून दाखवा."

त्यानं तार ओवली, ती पहिल्याच खेपेला आत गेली. खट्. माझा जन्म ज्या कामासाठी झाला, ते मी तिथे पहिल्यांदा केलं. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाकावरून आयव्हीची आई रोंडा उठली. "झालं? एवढंच करायचं होतं?"

न्यायाधीशांनी तिला खाली बसायला सांगितलं. वेंडेल मान खाली घालून रडत राहिला. त्याला शिक्षा झाली.

आता मी पुराव्याच्या खोलीत, त्याच पिस्तुलाला घट्ट धरून पडलोय. इथे ते कुणालाही मारू शकत नाही, पण इथे मारायला आहे तरी कोण? तुमच्या एखाद्या खणात माझं भावंड पडलं असेल, तर त्याला आजच बाहेर काढा. विनवतो मी.

रोंडाला त्या दिवशी कुणीच उत्तर दिलं नाही. द्यायची हिंमत कुणाला होती? मी देतो.

हो बाई. एवढंच करायचं होतं.