बयूमीच्या चिठ्ठ्या

अलेक्झांड्रियात नबी दानियाल रस्त्यावर जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांची रांग आहे. त्यातली तिसरी आमची. बाकीचे पुस्तकं विकतात. माझा नवरा बयूमी माणूस बघून पुस्तक द्यायचा. ही बढाई नाही. आणि असली तरी खरी आहे.

त्याची रीत अशी. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून झालं आणि मनाला लागलं, तरच ते आतल्या फळीवर जायचं. त्यात पेन्सिलीनं लिहिलेली एक चिठ्ठी ठेवायचा. ‘भावाशी भांडलेल्यानं वाचावं.’ ‘नोकरी सुटलेल्यानं वाचावं, पण रिकाम्या पोटी नको.’ चिठ्ठी पुस्तकाबरोबर गिऱ्हाइकाची. लोक त्या चिठ्ठीच्या भरवशावर पुस्तक न चाळताच न्यायचे.

मी तीन इयत्ता शिकले. छापील अक्षर बोट ठेवून लागतं मला, बयूमीचं नाही लागत. "जरा माणसासारखं लिहा," म्हणून जन्मभर कानीकपाळी ओरडले. तो हसायचा आणि मलाच वाचून दाखवायचा.

तो गेला आणि टपरीवर मी बसले. मुलगा शुक्री म्हणाला, "आई, तुला कुठं वाचता येतं? शाळेची गाईडं ठेवू, ती आपोआप खपतात." म्हटलं, "तू तुझी बंदरातली नोकरी सांभाळ. ही तुझ्या बापाची फळी आहे."

फळीवर एकेचाळीस पुस्तकं होती. पहिलं विकलं तेव्हा चिठ्ठी हातातून सुटेना. त्याच्या हातचं दुसरं काय उरलं होतं माझ्याकडे? गिऱ्हाइकानं चिठ्ठी वाचायची आणि मला परत द्यायची, असा मी नियम केला. मग फळी रिकामी होत चालली. लोक "बयूमीकाकांचं काही आहे का?" विचारत यायचे आणि हात हलवत जायचे. ते मला बघवेना. एक दिवस ढिगातून तेवढ्याच जाडीचं पुस्तक उचललं आणि विकलेल्या पुस्तकाची चिठ्ठी त्यात घातली. नंतर तशीच सवय लागली.

मला इथं सगळे उम्म शुक्री, म्हणजे शुक्रीची आई म्हणतात. शेजारचा टपरीवाला खमीस एकदा म्हणाला, "काय उम्म शुक्री, बयूमी कबरीत बसून वाचतोय वाटतं! फळी काही रिती होत नाही."

"तो मेल्यावर तरी वाचतोय," मी म्हटलं. "तुम्ही जिवंतपणी एक वाचून दाखवा."

थंडीत इक्राम आली. ही दवाखान्यातली नर्स. वीस वर्षं बयूमीनं दिलेलंच वाचत आलेली. तिची नेर्मीन, एकोणीस वर्षांची पोर, तापानं गेली होती. चाळिसाव्या दिवसाची दुआ नुकतीच झाली होती. तिनं फळीवरचं एक पुस्तक उघडलं, चिठ्ठी मोठ्यानं वाचली. ‘ज्याचं मूल गेलं त्यानं वाचावं. शेवटी श्वास घेता येतो.’ चिठ्ठी डोळ्यांना लावली, मला परत दिली आणि पुस्तक घेऊन गेली.

आठ दिवसांनी परत आली. स्टूल पुढे केलं तरी बसली नाही. पुस्तक माझ्यापुढे ठेवलं.

"बयूमीकाकांनी हे वाचलं होतं?"

"वाचल्याशिवाय तो चिठ्ठी घालायचा नाही."

"मग शेवट कसा वाचला नाही त्यांनी? यातली आई शेवटी पोरीच्या मागं विहिरीत उडी घेते. ते पान वाचल्यापासून मी बाल्कनीचं दार उघडलेलं नाही, उम्म शुक्री. मला माझीच भीती वाटते."

मी पुस्तक जवळ ओढलं.

"खरं सांगा. मला वीस वर्षं दिली ती सगळी अशीच, न वाचता दिली होती का?"

खमीसनं हातातलं काम थांबवलं. बयूमी म्हातारपणी विसरायला लागला होता बिचारा, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. तिनं मानलंही असतं. बयूमी काही उठून खोटं पाडणार नव्हता.

"त्यानं नाही," मी म्हटलं. "ती चिठ्ठी त्यात मी घातली. त्याचं अक्षर मला लागत नाही. पुस्तकाची जाडी बघून घातली."

खमीसनं मान वळवली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्याला कळणार होतं.

इक्रामनं पुस्तकाकडे बघितलं. "म्हणजे त्यांचं पुस्तक वेगळंच होतं?"

"होतं. विकलं गेलं."

"नाव?"

"मी बघितलं नाही."

मग ती रडली. उभ्या उभ्या, तोंडावर हात धरून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायचा हक्कच नव्हता मला. जरा सावरल्यावर म्हणाली, "पण असं पुस्तक आहे ना? त्यांनी वाचलं होतं ना?"

"शेवटच्या पानापर्यंत."

तिनं परत दिलेली ती चिठ्ठी अजून गल्ल्यातच होती, ती काढून मी तिच्या हातात दिली.

"परत द्यायची असते ना?"

"नाही. ही तुझी."

त्याच दिवशी उरलेल्या चिठ्ठ्या फळीवरून उतरवल्या. पुस्तकं ढिगात टाकली. कुणी विचारलं तर सांगते, बयूमीचं आता काही नाही. शुक्री गाईडं आणतो म्हणाला, मी अडवलं नाही.

दर गुरुवारी ड्यूटी संपली की इक्राम येते. त्या पुस्तकाची दुसरी प्रत कुठंतरी असेलच म्हणते. मी ढिगातून एकेक पुस्तक काढून तिच्या हातात देते. ती उभ्यानंच शेवटची पानं वाचते, नाही म्हणून मान हलवते. मी पुढचं देते.