सावकाशची गाडी

"अहो, आता तरी कशाला चपला काढताय?" ती खालून म्हणाली.

तो ट्रकच्या पायरीवर उभा होता. एक चप्पल काढून झाली होती, दुसरी अर्धी पायात. क्षणभर थबकला. मग तीही काढली आणि दाराच्या आतल्या कोपऱ्यात बसवलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये दोन्ही नीट जोडून ठेवल्या.

"सवय गं," एवढंच म्हणाला आणि अनवाणी केबिनमध्ये शिरला.

तिने आवारातल्या सिमेंटवर जुनी चादर पसरली. आतून एकेक वस्तू खाली येऊ लागली. उशी, थर्मास, दाढीचा डबा, काठ उडालेला आरसा, थंडीतली कानटोपी. जवळजवळ चार वर्षांचा संसार एका चादरीत मावत होता. दुपारपर्यंत गाडी रिकामी करून किल्ली नव्या ड्रायव्हरला द्यायची होती.

बरोबरचे ड्रायव्हर त्याला 'सावकाश' म्हणत. "सावकाश निघाला की गोगलगायसुद्धा हॉर्न देते," असा त्यांचा नेहमीचा विनोद. तो हसायचा. खड्डा दिसला की गाडी अशी उतरवायचा, जणू मागे झोपलेलं मूल आहे.

गाडी कंपनीची होती, पण तशी त्याचीही होती. निदान होत चालली होती. चालवता चालवता मालक व्हा, असा कंपनीचा करार होता. माल कंपनी द्यायची आणि भाड्यातून दर आठवड्याला आपला हप्ता कापून घ्यायची. डिझेल, टायर, दुरुस्ती सगळं ड्रायव्हरच्या माथी. चार वर्षं पुरी झाली की गाडी त्याच्या नावावर.

"परवडेल का हो?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"अगं, नोकरीत जन्मभर चाक फिरवलं तरी चाक दुसऱ्याचंच. हे जितकं फिरेल तितकं आपलं होत जाईल."

त्याच्या चेहऱ्यावर इतका उजेड होता की पुढचं तिने विचारलंच नाही.

मग असेही आठवडे आले की सगळं कापून जाऊन हातावर नुसती पावती पडायची. ती शाळेचे गणवेश शिवून घर ओढायची. उरलेल्या कापडाचा तिने केबिनच्या खिडकीला पडदा शिवला, निळा, खाली बारीक चुण्यांचा. रोज सकाळी दिवा लावून ती देवापुढे बसायची. गाडी तिने कधी मागितली नाही. माणूस धड घरी येऊ दे, एवढंच मागायची. आणि तो दर खेपेला धड घरी आला. देवाने शब्द पाळला होता. हल्ली मात्र हात जोडले की तिच्या मनात यायचं, आपण थोडं जास्त मागायला हवं होतं का?

तीनच महिने उरले होते. तेवढ्यात इंजिन तेल खाऊ लागलं.

मेस्त्री म्हणाला होता, "तेल ओतत राहा आणि ढकल तीन महिने. सगळे तेच करतात. नावावर झाली की मग उघडू."

"आणि तोवर इंजिनाचा जीव जाऊ देऊ? आपलीच गाडी आहे ना रे?"

"अजून झाली नाही, बाबा."

"माझ्यासाठी पहिल्या दिवशीच झाली."

त्याने पदरमोड करून, मेहुण्याकडून हातउसने घेऊन इंजिन उघडलं. एक भाग लवकर मिळेना. आज येतो, उद्या येतो करत गाडी तीन आठवडे मेस्त्रीच्या दारात उभी राहिली. सलग पंधरा दिवस गाडी उभी राहिली तर करार संपतो, हे कलम त्याला ठाऊक होतं. पण माणसाला मरणही ठाऊक असतंच. ते आपल्याच घरी येईल असं वाटत नाही, इतकंच.

आज सकाळी दोघं ऑफिसात शेवटचं विनवून आली होती. मॅनेजर वाईट नव्हता. त्याने बसायला खुर्च्या दिल्या.

"भाऊ, माझ्या हातात असतं तर मी केलं नसतं का?"

"साहेब," ती हळूच म्हणाली, "इंजिन नवंकोरं झालंय. आमच्या पैशानं."

"हो ना ताई, म्हणून तर लगेच दुसरा ड्रायव्हर मिळाला."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच लागलं असावं. भरलेला ग्लास उचलून तो उगाच पाणी पीत राहिला. तिचा नवरा उठला, खुर्ची जागेवर सरकवली आणि बाहेर आला. हातातोंडाशी आलेला घास गेला, पण ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"दादा, सावकाश ते तुम्हीच का?"

एक आडव्या अंगाचा, चाळिशीचा माणूस चादरीपाशी येऊन उभा राहिला होता. दुसरा ड्रायव्हर तो हाच. आजच करारावर सही करून आलेला.

"मीच. या, गाडी दाखवतो."

तिला वाटलं, आता नवरा चार शब्द कडू बोलेल. पण तो बोलत राहिला ते गाडीबद्दल. "तिसरा गिअर थोडा हट्टी आहे, जबरदस्ती करू नका, जरा थांबून टाका. सकाळी सुरू केल्यावर लगेच पळवू नका. डावं दार वर उचलून ओढायचं." सांगताना त्याचा तळहात गाडीच्या दारावरून फिरत होता.

तो माणूस मान डोलवत राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, "खरं सांगा दादा, परवडतं का हो हे?"

सावकाशने दारावरचा हात काढून घेतला.

"भाड्याची समजून चालवलीत तर परवडेल कदाचित," तो म्हणाला. "आपली समजू नका. माझं तेवढंच चुकलं."

"समजलो." माणसाने खिडकीकडे पाहिलं. "वहिनी, तो पडदा काढायचा राहिला तुमचा."

ती पायरीवर चढली. हुकाला हात लावला आणि तसाच मागे घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्या बाजूनं दुपारचं ऊन फार लागतं."

सावकाशने ट्रेमधून चपला उचलल्या, खाली उतरून पायात घातल्या आणि किल्ली त्या माणसाच्या हातावर ठेवली. तिने चादरीची गाठ मारली.

दोघं फाटकापर्यंत पोचली तेव्हा मागे इंजिन सुरू झालं. आवाज स्वच्छ होता, कुठे खरखर नाही. तिने वळून पाहिलं. दार अजून उघडंच होतं. तो माणूस वाकून पत्र्याच्या ट्रेमध्ये आपले बूट नीट जोडून ठेवत होता.

"काय बघतेस?" नवऱ्याने विचारलं. तो वळला नव्हता.

"काही नाही," ती म्हणाली, आणि गाठोड्याचं एक टोक तिने त्याच्या हातात दिलं.