डॉक्टरांची दोन सीटची गाडी

मी एक गाडी बोलतेय. लाल, बसकी, दोनच सीटची. मागे माणूस सोडाच, एक बरी पिशवीसुद्धा मावत नाही. मला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटले, पण भर वेगात वळण घेतलं की त्यांची तोंडं आपोआप बंद व्हायची. थोडा गर्व आहे मला. आता या वयात तो कुणाला दाखवणार म्हणा!

माझे मालक दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावायचे आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या बॉनेटमध्ये. माझ्या इंजिनाला चार इंजेक्टर आहेत. पेट्रोलचा बारीक फवारा मारायचा, एवढंच त्यांचं काम. एकदा चारही खराब झाले आणि माझ्या मापाचे कुठे म्हणून मिळेनात. शेवटी डॉक्टरांनी दुसऱ्याच एका मोठ्या गाडीचे आणून बसवले. ते निघाले आडमुठे. पेट्रोलचा दाब जरा जास्त असल्याशिवाय उघडायलाच तयार नाहीत.

"पेशंट तोंडच उघडत नाही," डॉक्टर म्हणाले. मग दात भरताना दोन दातांच्या मध्ये घालतात ती पोलादाची पातळ पट्टी त्यांनी आणली, तिची टिकलीएवढी चकती कापली आणि दाब सांभाळणाऱ्या स्प्रिंगखाली सरकवली. दाब वाढला, मी सुरू झाले. डॉक्टरांनी हे कुठे लिहून मात्र ठेवलं नाही. आपल्या हातचं काम आपण कशाला विसरतोय, असं त्यांना वाटलं असणार.

शेजारच्या सीटवर बाई बसायच्या, डॉक्टरांच्या पत्नी. ठेंगण्या, हसऱ्या. "अहो, हळू," म्हणायच्या, पण तेही हसतच. त्या आजारी पडल्या तेव्हा त्यांना न्यायला अॅम्ब्युलन्स आली, कारण माझ्यात आडवं व्हायला जागा नव्हती. त्या परत आल्या नाहीत. त्यानंतर डॉक्टरांनी मला एकदाच बाहेर काढलं, चौकापर्यंत नेलं आणि तिथूनच परत फिरवलं. गॅरेजमध्ये लावलं, शटर ओढलं.

एकोणीस वर्षं मी तिथे उभी होते. टायर बसले, टाकीतल्या पेट्रोलचा चिकटा झाला, उंदरांनी सीटचा फोम कुरतडला. डॉक्टर राहायचे माझ्या डोक्यावरच्याच मजल्यावर. त्यांचा खोकला, त्यांचा नळ, सगळं मला ऐकू यायचं. ते जिना उतरू लागले की वाटायचं, आज येतील. मग फाटक वाजायचं आणि ते निघून जायचे. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

मग एका सकाळी शटर वर गेलं. डॉक्टरांची लेक एका मिस्त्रींना घेऊन आली होती.

"काका, महिनाअखेर घर रिकामं करायचंय. बाबांना मी माझ्याकडे नेतेय. ही सुरू झाली तर एक गृहस्थ न्यायला तयार आहेत, नाहीतर भंगारात जाईल." मग ती हळूच म्हणाली, "जायच्या आधी बाबांनी एकदा तरी हिच्यात बसावं, एवढंच मनात आहे. ते इकडे फिरकतच नाहीत."

मिस्त्री जाणते होते. त्यांनी टाकी धुतली, नवा पंप घातला, टायर आणि रबरी नळ्या बदलल्या. मग स्प्रिंगखाली त्यांना ती चकती सापडली.

"ताई, हा काय कचरा? गाडीच्या पुस्तकात असलं काही नाही," म्हणत त्यांनी ती केराच्या डब्यात टाकली आणि दाब पुस्तकाबरहुकूम लावला. झालं! मी नुसतीच खोकत राहिले. तीन दिवस ते झटले. चौथ्या दिवशी इंजेक्टर काढून त्यांनी त्यांच्यावरचे नंबर वाचले आणि कपाळाला हात लावला.

"हे तर हिचे नाहीतच! कुठल्या गाढवाने बसवलेत हे?"

"ते गाढव वर पेपर वाचतंय, काका."

लेकीने वर जाऊन विचारलं. उत्तर आलं, "पुस्तकात बघा म्हणावं." मिस्त्रींनी इंजेक्टर परत बसवले, पुन्हा स्टार्टर मारला, पुन्हा तेच. लेक माझ्या टपावर हात ठेवून म्हणाली, "राहू दे, काका. भंगारवाल्याला फोन करते."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. या वेळी फाटक वाजलं नाही.

"चार दिवस ही घरघर ऐकतोय," डॉक्टर दारातूनच म्हणाले. "चकती काढलीत का तुम्ही?"

मिस्त्री ओशाळले. "पण पुस्तकाप्रमाणे दाब बरोबर आहे, डॉक्टर."

"पुस्तक हिच्या स्वतःच्या इंजेक्टरांसाठी आहे हो. हे पाहुणे आहेत, यांचा मान जास्त ठेवावा लागतो."

पट्टी घरात होती, पण आता डॉक्टरांचे हात थरथरत होते. दोन चकत्या वाया गेल्या. तिसऱ्या वेळी लेकीने पट्टी धरली आणि त्यांनी कापली. मिस्त्रींनी ती बसवली, किल्ली फिरवली आणि मी अशी काही गरजले की शटर थडथडलं. मला रडता येत असतं तर तेव्हाच रडले असते.

"बाबा, बसा ना," म्हणत लेकीने स्टीअरिंगकडचं दार उघडलं. डॉक्टर वळसा घालून पलीकडे गेले आणि बाईंच्या सीटवर बसले. जन्मात पहिल्यांदा. लेक चालवू लागली. गिअर टाकताना तिने माझे दात करकरा वाजवले, पण मी सोसलं.

डॉक्टर आता वाकून बाईंएवढेच झाले होते. गल्लीच्या टोकाशी ते म्हणाले, "इथून रस्ता दिसतच नाही गं. पुढे नुसतं बॉनेट. चालवणारा तेवढा दिसतो."

लेकीने वेग कमी केला.

"म्हणजे ती सगळा वेळ मलाच बघत बसायची," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा काढून पुसत राहिले.

आता मी त्या गृहस्थांकडे आहे. इथे शेडमध्ये आणखी सात गाड्या आहेत, प्रत्येकीवर आपापलं कापड. कुणी कुणाशी बोलत नाही. महिन्यातून एकदा मालक येतात, मला दहा मिनिटं सुरू करतात आणि कापड घालून जातात. माणूस सज्जन आहे, तक्रार नाही.

मालक, एकच मागणं आहे. डॉक्टर आता लेकीकडे सहाव्या मजल्यावर राहतात, तिथे माझा आवाज पोहोचत नाही. मला सुरू कराल तेव्हा त्यांना फोन लावा आणि तो बॉनेटजवळ धरा. तुम्ही काही बोलू नका, ते ओळखतील. दुपारी लावलात तर बरं. लेक कामावर असते, घरात ते एकटेच असतात.