बुडालेल्या बेटाची सभा

रविवारी दुपारी जेवणं उरकली, की त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक खंड समुद्रात बुडायचं. खंड दर रविवारी तेच, बुडायची तऱ्हा तेवढी नवी. मागच्या रविवारी ते भूकंपानं बुडालं होतं, त्याच्या आधी आकाशातून काहीतरी पडून. आज कशानं बुडणार हे तिला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची हौसही नव्हती. मांडीवरच्या लेकीला, ठकीला, ती कुसकरलेलं केळं भरवत होती आणि एक डोळा टीपॉयवरच्या गरम चहावर ठेवून होती. हजारो वर्षांपूर्वीची माणसं कुठवर पोचली होती हे छातीठोकपणे सांगणाऱ्या या मंडळींना रांगत्या पोरीचा हात कुठवर पोचतो एवढं काही केल्या कळत नसे.

सभेला माणसं तीन. अध्यक्ष कप्तान. या गृहस्थांनी उभा जन्म इमारतींच्या लिफ्ट तपासण्यात घालवला होता. प्रवास काय तो वर आणि खाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी दाढी वाढवली, गळाबंद स्वेटर घेतला आणि लोक आपल्याला कप्तान म्हणतात असं लोकांना सांगायला सुरुवात केली. दुसरा पिरॅमिड. त्याचं औषधांचं दुकान होतं. खोकल्याचं औषध मागायला गेलेल्या माणसालाही तो पिरॅमिडचे दगड कसे उचलले असतील ते ऐकवी, आणि माणूस खोकायचं विसरे, म्हणजे औषध लागू पडत असणार. तिसरा तिचा नवरा. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासायचा आणि रविवारी स्वतःचे मिटून बसायचा.

"बुडालं वगैरे काही नाही हो," पिरॅमिड म्हणत होता. "लपवलंय. सगळ्या राजांनी मिळून नकाशातून काढून टाकलं. का? तर तिथे सापडणाऱ्या ज्ञानाची भीती!"

"लपवायला ते काय शेजाऱ्याचं मांजर आहे?" कप्तान कडाडले. "अख्खं खंड आहे. बुडालंय. माझ्या गणितानं बुडालंय."

"तुमचं गणित मागच्या खेपेला वाळवंटात गेलं होतं."

"ती आकडेमोड होती. हे गणित आहे."

सासूबाई कोपऱ्यात लोकर गुंडाळत बसल्या होत्या. त्या तिच्याकडे झुकून म्हणाल्या, "ओरडू देत गं. गोट्या खेळायचं वय गेलं, आता हे धरलंय. निदान काचा तरी फुटत नाहीत."

ज्या नकाशावरून हे चाललं होतं तो तिच्या पाठीमागे भिंतीवर होता. कप्तानांनी कुठल्याशा लिलावात तो मिळवला होता. एवढी मोठी, ऊन न लागणारी भिंत फक्त यांच्याच घरात, म्हणून नकाशा यांच्या घरात. आणि नकाशा यांच्या घरात, म्हणून सभाही यांच्याच घरात. जुन्या नकाशापुस्तकातून सुटलेलं ते एक रुंद पान होतं, ताणून काचेखाली बसवलेलं. उजवीकडे हिरव्या रंगानं भरलेला किनारा. डावीकडे समुद्र, त्यात शिडाचं जहाज, नाकपुड्या फुगवलेला एक मासा. आणि समुद्राच्या मधोमध एक पुसट तपकिरी छाया. तिला नाव नव्हतं, रेघ नव्हती. तेच ते खंड. एरवी ते त्याला लाडानं बेट म्हणत.

ठकीच्या आधी ती एका संग्रहालयात कागद दुरुस्त करायची. जुने कागद धुवायचे, फाटके सांधायचे, कीड लागलेले वाचवायचे. नकाशा घरी आला त्या आठवड्यात ठकीचं पोट सतत दुखत होतं, म्हणून तो नीट बघायचा राहिला. नंतर बघावासाच वाटला नाही. ज्याची आपण रोज टर उडवतो त्याच्याकडे मान वळवून बघायचंही सुचत नाही. कित्येक महिने ती त्या नकाशाकडे पाठ करूनच लेकीला भरवत आली होती.

"असो," कप्तान चहाचा घोट घेऊन म्हणाले. "भांडण गुरुवारी मिटेलच. बोट पक्की झाली. पहाटे निघायचं. तीन आठवडे."

"कोण निघायचं?" तिनं विचारलं.

नवरा बशीतल्या बिस्किटांकडे अशा नजरेनं बघू लागला, जणू त्यांच्यातही काहीतरी बुडालं होतं.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी? बेटावरून?"

"अगं, तू नेहमी घाईत असतेस..."

"वहिनी, काळजीचं काही कारण नाही," कप्तानांनी हात वर केला. "बोट दणकट आहे. मासेमारीची होती. आता मासेमारीला नाही वापरत."

"का नाही वापरत?"

"थोडं पाणी येतं. पण पंप आहे ना!"

"तुमच्यातल्या कुणाला पोहता येतं?"

"समुद्र काय पोहून पार करायचा असतो?" कप्तान हसले. पिरॅमिडही हसला. आणि नवरा, तिच्याकडे न बघता, त्यांच्याबरोबर हसला.

आतापर्यंत हे सगळं फुकटचं होतं. चहा जायचा, बिस्किटं जायची, रविवार जायचा. पण आता त्या भोक पडलेल्या लाकडात ठकीचा बाप बसणार होता, आणि त्याला उलटी न होता होडीतून तळंसुद्धा ओलांडता येत नव्हतं. रात्रीचा वारा, लाटा, बंद पडलेला पंप, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. असं काही डोळ्यांसमोर आणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ठकीच्या वाटीतला चमचा जरा मोठा वाटला तरी ती डॉक्टरांना फोन लावायची.

तिनं लेकीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि उठून पहिल्यांदाच नकाशासमोर उभी राहिली. निदान नवरा कुठे बुडणार आहे ती जागा तरी बघावी.

बघता बघता ती काचेला नाक लावण्याइतकी जवळ गेली.

"हे पान मधून दुमडलेलं होतं," ती म्हणाली.

"होतं. आम्ही दाबून सपाट करून घेतलं," कप्तान म्हणाले. "तज्ज्ञाकडून."

"आणि कित्येक वर्षं पुस्तकात तसंच मिटलेलं होतं. हा हिरवा बघा. तांब्याच्या गंजापासून करायचे हा रंग. तो कागद खातो. आणि मिटलेल्या पानात समोरच्या अर्ध्यावरही उतरतो, तपकिरी होऊन. आमच्याकडे असे ढिगानं यायचे." ती वळली. "हे बेट नाही. हा समोरच्या किनाऱ्याचा डाग आहे."

सासूबाईंच्या लोकरीचा गुंडा घरंगळत टीपॉयखाली गेला.

"वहिनी," कप्तान समजुतीच्या सुरात म्हणाले, "घरात लहान मूल असलं, की बाईला सगळीकडे डागच दिसतात."

पिरॅमिड खो खो हसला. ती स्वयंपाकघरात गेली, बटर पेपरचा एक लांब ताव आणि ठकीचा रंगीत खडू घेऊन आली. ताव काचेवर धरून तिनं उजवीकडचा सगळा हिरवा किनारा गिरवला. बदकाच्या चोचीसारखी आत शिरलेली खाडी, तिच्याखाली शेजारी शेजारी दोन ठिपके. मग ताव उलटा केला, मधल्या घडीच्या खुणेवरून पलीकडे नेला आणि समुद्रावर टेकवला.

खडूची रेघ छायेच्या कडेवर बसली. चोच चोचीवर, ठिपके ठिपक्यांवर. इतके दिवस ज्यांना ते 'बंदर' आणि 'वेधशाळा' म्हणत आले होते, तेच हे दोन ठिपके.

तिघेही उठून आले. नवरा चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून बघू लागला. कप्तानांची दाढी हलली. तिला वाटलं, संपलं. गुरुवार टळला.

"कप्तान," पिरॅमिड दबक्या आवाजात म्हणाला, "हे तर जुळं आहे."

"म्हणजे?"

"हुबेहूब! उलटं! अहो, निसर्गात असं होतं का? त्यांनी किनारा बघून समोर तसंच दुसरं खंड उभं केलं. आरशासारखं! केवढी माणसं असतील ती!"

"भूमी," कप्तान हळूहळू म्हणाले, "आणि प्रतिभूमी." आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. "वहिनी, इतकी वर्षं आम्ही डोकं आपटतोय, आणि तुम्ही केळं भरवता भरवता... बेटाच्या पहिल्या टोकाला आम्ही ठकीचं नाव देणार. माझा शब्द."

"अहो, डाग आहे तो!"

"असू दे. तुम्ही त्याला डाग म्हणा. पहिल्यांदा सगळेच म्हणतात."

या लोकांच्या अंगणात आग लावली तर ते हात शेकून घेतील आणि वर आभार मानतील, असं तिच्या मनात आलं. दोघं बटर पेपरची गुंडाळी छातीशी धरून, एकमेकांना आधी दारातून जायला सांगत, बाहेर पडले. जिन्यावरून 'प्रतिभूमी, प्रतिभूमी' असं खालपर्यंत ऐकू येत गेलं.

नवरा कप विसळायला लागला. तो कप विसळतोय म्हणजे प्रकरण गंभीर होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्याकडे वाक्यं तयार होती. एकाहून एक धारदार. कुठलं आधी काढावं एवढाच प्रश्न होता.

"मला दिसला होता तो," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"कोण?"

"डाग. केव्हाच. दोन्हीकडे सारखीच चोच आहे हे काय दिसणार नाही? डोळे तपासतो मी."

"मग मूर्खासारखा गुरुवारी कुठे निघाला होतास?"

"हे बघ. हे असं." त्यानं कप पालथा घातला. "तिथे मी काही बोललो, की ते लिहून घेतात. इथे मी ठकीचं लंगोट बांधलं, की तू सोडून पुन्हा बांधतेस. बाटली धरली तर बाटली चुकली, मांडी घातली तर मांडी चुकली. वर हसतेस. तिथे कुणी मला हसत नाही."

"कारण त्यांनाच..." तिनं सुरुवात केली आणि जीभ चावली. वाक्य फार चांगलं होतं. तसंच गिळताना घशाला टोचलं. "लंगोट सैल होतं," ती म्हणाली.

"सैल होतं. मान्य."

"आणि मला भीती वाटते. त्या बोटीची. तू गेलास आणि..." पुढचं तिला म्हणता येईना. टोमणा असता तर भराभर आला असता. "जाऊ नकोस. एवढंच."

त्यानं हात विजारीला पुसल्यासारखे केले. मग खिशातून फोन काढून कप्तानांना लावला. हात ओले असल्यानं फोन ओट्यावर ठेवून स्पीकर चालू केला, त्यामुळे पलीकडची वाहनांची वर्दळही ऐकू येऊ लागली.

"कप्तान, गुरुवारचं मला जमेलसं दिसत नाही."

"का? बेटाबद्दल शंका आली?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. आता म्हण, तिच्या नजरेत होतं. म्हण, डाग आहे. एकदा तरी सरळ उभा राहा.

"छे छे," तो म्हणाला. "बेट आहेच. त्यात काय शंका? पण घरून सोडत नाहीत हो. ही ऐकत नाही. तिला त्यातलं काय कळतंय..."

त्यातलं काय कळतंय! एवढ्या वर्षांच्या शिक्षणाचा, नोकरीचा, काचेवर नाक लावून शोधलेल्या खुणेचा हा निकाल. तिचा हात फोनकडे गेला. दोन वाक्यांत ती दोघांचीही सालं काढू शकली असती. पण मग हा ताठला असता. आणि ताठलेला नवरा गुरुवारी पहाटे बोटीत बसला असता, बेटासाठी नाही, हिच्या नाकावर टिच्चून. असल्या माणसांपुढे शहाणपण जिंकत नाही हे तिला मघाशीच कळलं होतं. कजाग बायको मात्र जिंकते. तेवढं खंड त्यांच्या नकाशावर आधीपासूनच होतं.

तिनं पदर नसूनही खोचल्यासारखा केला आणि फोनच्या दिशेनं आवाज चढवला, "सांग त्यांना, मुळीच सोडणार नाही म्हणावं! उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर तंगडं मोडून हातात देईन! बेट म्हणे! घरात दळण नाही आणि बेट!"

आत ठकीला निजवत बसलेल्या सासूबाई ओरडल्या, "काय झालं गं? दळण आहे की डब्यात!"

नवरा तोंड वासून तिच्याकडे बघत होता. पलीकडे कप्तानांनी एक खोल, जहाज बुडाल्यासारखा उसासा सोडला.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "तुमची अवस्था समजली. अहो, एवढी मोठी संस्कृती उगाच नाही लयाला गेली. तिथेही अशीच कुणाची तरी बायको असणार."

"असणार," नवरा म्हणाला आणि त्यानं फोन बंद केला.

तिला हसू इतकं आलं, की ओटा धरावा लागला. पण कपाळावरची आठी तिनं तशीच ठेवली आणि ठकी उठल्याचा बहाणा करून आत वळली. आत्ता हसली असती, तर त्याला वाटलं असतं, पुन्हा आपल्यालाच हसतेय.