तहानेल्या पोरीचं घमेलं

मी घमेलं बोलतोय. नाक मुरडू नका, तुमच्या घराच्या भिंती माझ्यासारख्यांच्या जिवावरच वर गेल्यात. उभा जन्म गवंड्याच्या हाताखाली सिमेंट-वाळू कालवण्यात गेला असता, पण बूड चेपलं आणि मला इमारतीमागे फेकून दिलं. तिथून मला उचललं पहिल्या मजल्यावरच्या पोरीनं.

पोरगी कॉलेजच्या वयाची, अंगानं नुसती काडी. लहानपणीच तिची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. एक दिवसाआड दवाखान्यात जायचं, मशीनला जोडून रक्त साफ करून घ्यायचं आणि घरी येऊन निपचित पडायचं. तिला पाणीसुद्धा मोजून. आई सकाळी एक छोटी बाटली भरून द्यायची, दिवसभरात तेवढंच. उन्हाळ्यात पोरीची जीभ टाळूला चिकटायची. अशी ही पोरगी मला घासूनपुसून काठोकाठ भरायची, जिन्याखाली ठेवायची आणि शेजारी फतकल मारून बसायची.

मग म्हातारी यायची. म्हातारी म्हणजे फाटक्या कानाची, दोन्ही डोळे गेलेली रस्त्यावरची कुत्री. वासावर चाचपडत यायची आणि लपालपा प्यायची. पोरगी तिच्या जिभेकडे टक लावून बघायची. "पी गं बाई," म्हणायची, "माझ्या वाटचंही पी." आणि वर हसायची! मी पडलो पत्रा, पण मलाही गलबलून यायचं.

आता इमारतीतल्या सभ्य माणसांचं सांगतो. शी! सांगतानाही किळस येते. तळमजल्यावरचे काका फिरून आले की माझ्यात पचकन थुंकायचे. कुणी सिगारेटी विझवायचं. एकदा तर कुणीतरी फिनाईल ओतलं. पोरीला वासावरून कळलं, नाहीतर म्हातारीचा तिथंच निकाल लागला असता. त्या दिवशी पोरगी कुणाशी भांडली नाही. मला धुतलं, पुन्हा धुतलं आणि ताजं पाणी भरलं.

सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात अडवून उपदेश करायचे. "आधी स्वतःची तब्येत बघ. असल्या घाणीमुळेच आजारी पडतेस तू."

"काका, मी आजारी पडले तेव्हा ही म्हातारी जन्मलीपण नव्हती," ती म्हणायची. सेक्रेटरी आणखीच चिडून पाय आपटत निघून जायचे.

मागच्या महिन्यात पोरगी गेली. जाण्याआधी आईचा हात धरून तिनं एवढंच मागितलं, "म्हातारीचं पाणी चुकवू नकोस." आई म्हणाली, "नाही गं राणी." तेव्हापासून आई कामावर जाण्याआधी मला भरायची. रडत भरायची, पण भरायची.

आणि इमारतीला एकाएकी मायेचा पाझर फुटला! सोसायटीची सभा झाली. पोरीच्या स्मरणार्थ फाटकाशी मुक्या प्राण्यांसाठी दगडी हौद बांधायचा ठरला. हौद उभा राहिला, वर काळ्या दगडाचा फलक. त्यावर पोरीचं नाव बारीक आणि सेक्रेटरींचं ठसठशीत. फलक बसवायला आलेल्या गवंड्यानं घमेलं मागितलं, तर सेक्रेटरींनी माझ्याकडे बोट केलं. "ते घे की. आता कोण वापरतंय?" आईनं सकाळीच भरलेलं पाणी गटारात गेलं आणि माझ्यात सिमेंट कालवलं. काम झाल्यावर मला हौदामागच्या राडारोड्यात टाकलं. संध्याकाळी आई जिन्याखाली आली तर ना मी, ना म्हातारी. तिनं पातेल्यात पाणी ठेवलं आणि कितीतरी वेळ हाका मारल्या.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. कडक इस्त्रीचे कपडे, फुलं, माइक. थुंकणारे काका गहिवरून बोलले, "ती आमचीच लेक होती हो!" माझ्या पोटात सिमेंट सुकलं होतं म्हणून, नाहीतर ओकलोच असतो.

"ताई, हौदात पहिलं पाणी तुम्ही ओता," सेक्रेटरी म्हणाले.

आईनं हातात तांब्या घेतला. "म्हातारी कुठंय? कालपासून दिसली नाही."

सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. "अहो, पाहुणे येणार, त्यात ही कुत्री मध्ये मध्ये. काल गाडी बोलावून सगळी उचलायला लावली. लांब सोडलीत, पुलापलीकडे. तुम्ही काळजी करू नका."

"आंधळी आहे हो ती!"

"ताई, फोटो काढतायत, जरा इकडे बघा."

आईनं तांब्या खाली ठेवला. हौदामागे आली, मला राडारोड्यातून ओढलं, भिंतीवर आपटून सिमेंट पाडलं आणि काखेत मारून फाटकाबाहेर पडली. माइकवर कुणीतरी सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगत होतं.

आता आम्ही पुलापलीकडे आहोत. कडेनं ट्रक धडाधडा चाललेत. आई थोडं चालते, मला धुळीत ठेवते, वाटेत विकत घेतलेल्या बाटलीतलं पाणी ओतते आणि हाक मारते, "म्हातारे, ये गं. पाणी आणलंय." दोन-तीन भलतीच कुत्री येऊन पिऊन गेली. त्यांनाही तिनं पिऊ दिलं. माझ्या कडांना अजून सिमेंट चिकटलंय, पण पाणी धरतोय.

बाबांनो, फाटक्या कानाची, आंधळी कुत्री तुमच्या दाराशी आली तर हाकलू नका. तिला कशातही, फुटक्या डब्यात का होईना, पाणी द्या आणि आम्हाला कळवा. आईनं लेकीला शब्द दिलाय आणि कालपासून तो मोडलाय.