झाकणाखालची दुसरी प्लेट

शेडमध्ये सगळे त्याला पक्कड म्हणत. हत्यारावरून नव्हे, स्वभावावरून. एकदा एखादी गोष्ट धरली की सोडायचं नाव नाही, मग तो नट असो, वाद असो की पोटची पोर. पोर आता सैन्यात होती. जखमींना उचलून आणणारी चिलखती गाडी चालवायची. तरी ती सुट्टीवरून परत निघाली की हा दारात उभा राहून विचारणार, ‘‘ठमे, पाण्याची बाटली घेतलीस का?’’ जिच्या भरवशावर माणसं जिवंत परत येतात तिला हा बाटली विचारतोय! तीही बिचारी न चुकता ‘‘घेतली, बाबा’’ म्हणायची.

शेडचं काम सांगायला सोपं आणि करायला डोकं खाणारं. सैन्याच्या गाड्यांचं आणि हेलिकॉप्टरांचं मूळचं कवच दरवेळी पुरत नाही, आणि ते कायमचं जाड करावं तर गाडी पळत नाही, हेलिकॉप्टर उडत नाही. म्हणून जिथे धोका तिथेच आणि धोका असेल तोवरच जादा प्लेटा चढवायच्या, काम झालं की उतरवून ठेवायच्या. हेलिकॉप्टरच्या दाराला, वैमानिकाच्या सीटखाली, गाडीच्या छतावरच्या झाकणाला आतून. या झाकणाला साहेब लोक हॅच म्हणत, शेडमध्ये ते साधं झाकण. प्लेट चार पिनांवर बसते, पिना ओढल्या की सुटते. पक्कडच्या उस्तादाने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘‘इथे जे बसवशील ते अंधारात, हातमोजे घालून, घाबरलेल्या माणसाला काढता आलं पाहिजे. नाहीतर बसवू नकोस.’’

एवढी वर्षं प्लेटा बसवल्या, पण प्लेटवर गोळी बसताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो योग त्या आठवड्यात आला. चाचणीच्या मैदानावर प्लेट धरणारी एक चौकट हलत होती, ती आवळायला इंजिनिअरबाई त्याला बरोबर घेऊन गेल्या. त्या त्याच्या मुलीहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. जाड भिंतीआड उभं राहून त्याने कानांवर हात ठेवले. आवाज झाला, तो कानांपेक्षा छातीत जास्त लागला. मग हिरवा दिवा लागला आणि सगळे प्लेटजवळ गेले.

प्लेटच्या समोरच्या अंगाला चिनी मातीच्या जातीच्या, पण लोखंडालाही भारी पडतील अशा फरशा असतात. त्यातल्या एका फरशीचं पार पीठ झालं होतं. पण प्लेट पलटून बघितली तर मागे भोक नव्हतं. नुसतं एक टेंगूळ होतं, उपड्या वाटीएवढं. गोळी आतच चपटी होऊन बसली होती.

पक्कडने त्या टेंगळावर तळवा ठेवला. ते कोमट होतं. हिने स्वतःचा चुरा करून घेतला पण त्या गोळीला पलीकडे जाऊ दिलं नाही, असं त्याच्या मनात आलं आणि अंगावर सर्रकन काटा उभा राहिला. डोक्यावरची टोपी कधी काढून हातात घेतली ते त्यालाही कळलं नाही. हेच आपण इतकी वर्षं भांडी रचावी तसं रचत होतो, आणि ते हे होतं! इंजिनिअरबाई काहीतरी मोजत होत्या, त्यांनी दोनदा हाक मारली तरी याचं लक्ष नव्हतं.

आणि मग लगोलग त्याने तळवा मागे घेतला. कारण अशीच प्लेट ज्या झाकणाला लागणार ते झाकण शेडमध्ये आलेल्या त्याच्या मुलीच्या गाडीचं होतं. टेंगूळ आतल्या बाजूला येतं. आणि आतल्या बाजूला, बरोबर त्याच जागी, तिचं डोकं असतं.

‘‘मॅडम, दोन लावू या का?’’ त्याने परतताना विचारलं.

‘‘नाही काका, एकच. झाकणाची स्प्रिंग एका प्लेटच्या वजनाला लावली आहे. सपाटीवर दोन चालतील. पण गाडी नाक खाली करून खड्ड्यात गेली, तर झाकण मागे टाकायचं म्हणजे चढावर ढकलायचं. आतल्या माणसाला जमणार नाही.’’

त्याने मान डोलावली. पक्कडने मान डोलावली की समजावं, याने ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले असताना हा मुलीच्या गाडीवर चढला. पहिल्या प्लेटच्या खाली दुसरी लावली. आधी त्याच्या मनात आलं, सरळ वेल्डिंग मारावं. उद्या कोणी शहाणा येईल, जड लागते म्हणून काढून ठेवील, मग? मारलं की कायमची बसली, चिंता मिटली. वेल्डिंगचा दांडा त्याने हातातही घेतला. पण उस्तादाचं बोलणं आडवं आलं. हात पुढे होईना. शेवटी चडफडत त्याने दांडा ठेवला आणि नेहमीसारख्या चार पिना घातल्या.

पिन निसटून हरवू नये म्हणून ती बारीक तारेने बांधतात. तार मागायला स्टोअरमध्ये गेलं की चार प्रश्न आले. म्हणून त्याने खिशातली मेणाची दोरी काढली आणि आपली गाठ मारली. दोन फेरे, मध्ये एक पीळ आणि ओढायला बोटभर शेपटी. मुलगी शाळेत असताना रोज डब्याचं झाकण हरवून यायची, तेव्हा आईची बोलणी चुकवायला याने झाकण डब्याला असंच बांधून दिलं होतं. मग त्याने आत बसून झाकण एका हाताने ढकलून पाहिलं. उघडलं. झालं, इंजिनिअरबाई उगाच घाबरवतात! त्या दिवशी घरी जाऊन तो निवांत जेवला. बायको म्हणालीसुद्धा, ‘‘आज स्वारी खुशीत दिसते.’’

गाडी शेडमधून जायच्या आधी बाहेर पडायची चाचणी होते. मागचं दार अडकलं आहे असं धरायचं, चालकाने झाकणातून बाहेर यायचं. ही चाचणी आजवर नेहमी अंगणातल्या फरशीवर झाली होती, आणि पक्कडचा सगळा हिशेब त्या फरशीवरचा. पण या वेळी गाडी डोंगराळ मुलखात जायची होती, म्हणून इंजिनिअरबाईंनी ती अंगणापलीकडच्या उतरत्या खड्ड्यात नेऊन लावली. नाक खाली.

पक्कडच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगी हेल्मेट चढवून आत उतरत होती. तिने बापाकडे बघून डोळे मिचकावले आणि झाकण लावून घेतलं. आता बोलावं तर सगळ्यांसमोर अब्रू जाते. बोलू की नको करत तो उभा राहिला, तेवढ्यात शिट्टी वाजली. गाडीच्या फटींतून पांढरा धूर यायला लागला. धूर अपायकारक नसतो, पण आत स्वतःचा हातही दिसत नाही.

कडी फिरली. झाकण वीतभर उचललं गेलं, अर्धं उभं राहिलं, थरथरलं, आणि धाडकन खाली आलं. परत उचललं गेलं. परत आलं.

‘‘थांबवा!’’ पक्कड ओरडला. ‘‘मॅडम, थांबवा! मी दुसरी प्लेट लावली आहे! मीच लावली!’’ आणि कोणी काही म्हणायच्या आत तो गाडीवर चढला. इंजिनिअरबाईंनी हात वर करून धूर बंद करायला लावला, पण आत भरलेला धूर काही लगेच जात नाही. पक्कडने झाकणाची कड दोन्ही हातांनी धरली.

‘‘काका, हात काढा! आतून जोर आला तर बोटं जातील! सोडा ते!’’

तो सोडेना. आणि तेवढ्यात त्याच्या तळव्यांना लोखंडातून काहीतरी कळलं. टक. जरा वेळाने परत, टक. सगळं आयुष्य ज्या आवाजात गेलं तो आवाज तो ओळखणार नाही? आत पिना निघत होत्या. धुरात, अंधारात, हातमोजे घातलेल्या हातांनी कोणीतरी न घाबरता एकेक पिन ओढत होतं. तो मोजू लागला. तिसरी. मग बराच वेळ काहीच नाही, त्याचा जीव नुसता टांगणीला. मग चौथी.

पक्कडने झाकण सोडलं आणि मागे सरकला.

झाकण एका झटक्यात उघडून मागे जाऊन पडलं. धुराचा लोट वर आला आणि त्यातून खोकत, डोळे चोळत त्याची मुलगी कमरेपर्यंत बाहेर आली. मग परत वाकली आणि आतून ती दुसरी प्लेट ओढून काढून त्याच्यासमोर ठेवली.

‘‘हे तुमचं, बाबा.’’

‘‘तुला... तुला कसं कळलं?’’

‘‘तारेऐवजी दोरी लागली हाताला. दोरीला गाठ, गाठीला शेपटी. म्हटलं, आमचे बाबा आत येऊन बसलेत!’’ ती हसली आणि परत खोकली.

त्याने प्लेट उचलायला घेतली. ती भरलेल्या बादलीएवढी जड होती. पिनांवर भार असेपर्यंत पिना हलत नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? म्हणजे हे सगळं वजन तिने हेल्मेटवर तोलून वर रेटून धरलं होतं, एका हाताने सावरलं होतं, आणि दुसऱ्या हाताने पिना काढल्या होत्या. त्या दिवशी मैदानावर उभा राहिला होता तसाच तो मुलीकडे बघत राहिला. डब्याचं झाकण हरवणारी ती ही? त्याचा हात आपोआप टोपीकडे गेला.

मग त्याला तो वेल्डिंगचा दांडा आठवला. हातात घेतला होता आपण. पक्कड गाडीवरच खाली बसला, आणि इतक्या माणसांसमोर त्याला रडू फुटलं.

‘‘नियम मोडला म्हणून मी तुम्हाला या गाडीच्या कामावरून काढणार आहे, काका,’’ इंजिनिअरबाई म्हणाल्या.

‘‘काढाच, मॅडम,’’ तो म्हणाला.

गाडी निघायच्या दिवशी तो इतरांसारखा अंगणात बाजूला उभा होता. झाकणाला एकच प्लेट होती. मुलीने वर डोकं काढून हाक मारली, ‘‘बाबा, या पिनांच्या तारा काढा आणि तुमची दोरी बांधा. तार हातमोज्यात कळत नाही. दोरी कळते.’’

त्याने इंजिनिअरबाईंकडे बघितलं. त्यांनी जरा विचार केला. ‘‘बांधा. पण मी समोर उभी राहणार,’’ त्या म्हणाल्या.

त्याने चारही पिनांना दोरी बांधली. दोन फेरे, पीळ, बोटभर शेपटी. बाईंनी प्रत्येक पिन स्वतः ओढून बघितली. तो काही विचारायच्या आतच मुलीने पाण्याची बाटली वर करून दाखवली, आणि खाली उतरून झाकण लावून घेतलं.

कडी आतून फिरली. पक्कडचा हात सवयीने झाकणाच्या कडेकडे गेला, तिथे क्षणभर थांबला, आणि त्याने तो काढून घेतला.