सासूची किडनी

सासूची एक किडनी काल सुनेच्या पोटात बसवली. आज दुपार कलली, तरी सुनेच्या पलंगाला लटकवलेली लघवीची पिशवी कोरडीठाक.

"अजून नाही," लेक आईच्या खोलीच्या दारातूनच म्हणाला. "रक्त नीट पोचतंय किडनीला. डॉक्टर म्हणतात, एखादी उशिरा जागी होते."

"उशिरा?" सासू उठू पाहत कळवळली. "माझ्याकडे होती तेव्हा कोंबड्याच्या आधी उठवायची मेली!"

लेक हसला, पण उगीच.

सासूचं इस्त्रीचं दुकान. जन्मभर लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या मोडल्या. मनातली ही एक मोडेना. सून बस चालवायची, आणि दोघींचं एका दिवशी पटलं असेल तर शपथ. किडनी देते म्हटल्यावर सुनेनं वर्षभर हात जोडले, "नको आई, जन्मभर ऐकवाल." "नाही घेतलीस तरी ऐकवणारच आहे," सासू म्हणाली, तेव्हा कुठे बया तयार झाली. आता ही किडनी जागी झाली नाही, तर पोरगी पुन्हा त्या डायलिसिसच्या मशीनला जखडणार. दिलेलं अंगी लागलं नाही, हे कुठल्या कानांनी ऐकायचं?

"चाकाची खुर्ची आण," ती नर्सला म्हणाली.

"मावशी, टाके ओले आहेत."

"टाके माझे, पोट माझं. तू नुसती ढकल."

सुनेच्या खोलीत जायला मनाई होती. तोंडाला मास्क बांधून सासू उंबऱ्याशीच थांबली. आत सून पांढऱ्या चादरीइतकीच पांढरी.

"आई, तुमची किडनी रुसलीय," ती क्षीणपणे म्हणाली.

"तू गप. मी तिच्याशी बोलायला आलेय." सासूनं हॉस्पिटलच्या झग्याच्या बाह्या सारल्या आणि सुनेच्या पोटाकडे पाहून आवाज चढवला. "ए बये! सासरी आल्यासारखी कोपऱ्यात काय बसलीस? पहिल्या दिवशी सगळ्यांनाच परकं वाटतं. मीही चुलीमागे रडले होते. पण घर चांगलं पडलंय तुला. ही तोंडाची फटकळ आहे, मनाची नाही. माझ्या तापात रात्रभर उशाशी बसली होती. तिला कधी बोलले नाही, तुला सांगते." आवाज भिजला, तशी ती गुणगुणली,

लेक निघाली सासरी, तिला निरोप देऊ कशी
माझ्या कुशीतली ठेव, सूनबाई, तुझ्या कुशी

सुनेनं तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलत होते.

आतली नर्स पिशवीवर वाकली. "थांबा... थांबा हं!"

नळीत एक थेंब चमकला. मागून दुसरा. मग सोनेरी, सरळ, न थांबणारी धार.

"डॉक्टर! सुरू झाली!"

डॉक्टर धावत आले, पाहून हसले. "तिची वेळ झाली होती."

"वेळ कसली? कानउघाडणी झाली," सासू म्हणाली.

लेक तर व्हरांड्यात नाचतच सुटला. "शू झाली! माझ्या बायकोला शू झाली!" अनोळखी माणसं उठून टाळ्या वाजवू लागली. झाडणारी बाई झाडू उंचावून नाचली. मुलगा झाला म्हणूनही त्या मजल्यावर एवढा गलका झाला नसेल.

मशीनवरच्या दोन वर्षांत सुनेला पाणी घोट मोजून मिळे. उन्हाळ्यात ती बर्फाचा खडा जिभेखाली धरून बस हाकायची. आता नर्सनं पेला भरून हाती दिला. "प्या, हवं तेवढं."

सुनेनं पेला ओठाला लावला आणि श्वासही न घेता रिकामा केला. हनुवटीवरून ओघळ गळ्यात उतरला.

"आणखी," ती म्हणाली.

"बघतोस काय खुळ्या?" सासू लेकावर कडाडली. "तांब्या भरून आण! माझी सून पाणी पितेय!"